अण्णांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून होमिओपॅथी सुरू केली आहे. तुमचं मत सांगा

हळदबाजार, सांगली

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. अण्णा साबुदाण्याच्या गोळ्या घेतात याला माझी हरकत नाही. त्यांनी ॲटोर्वास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, बंद केली याला आहे, आणि ती मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

अण्णा ६३ वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पस्तीस वर्षं दिवाणजी. २०२१ मध्ये छातीत दुखलं, मिरजेला नेलं, हृदयाच्या नळीत एक स्टेंट बसला. तेव्हापासून रात्री ॲटोर्वास्टॅटिन ४०, सकाळी ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी. तीन वर्षं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६५ ते ७० च्या आत होतं. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. जिना चढताना कठडा धरायला लागले. तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, "उत्तम आहे, तेच चालू ठेवा" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. मी सोबत होते. चार मिनिटंही झाली नसतील.

मग अडतीवरच्या एकानं त्यांना एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं पन्नास मिनिटं बसवून सगळं विचारलं. केसपेपर दोन्ही बाजूंनी भरलाय, मी तो वाचला: थंडी सहन होत नाही, उन्हाळा तोंडावर आला तरी अंगात बंडी, आळस, दुपारी झोप, शौचास साफ नाही, कातडी कोरडी, वजन वाढलेलं, सकाळी उठताना पाय जड. यातल्या अर्ध्या गोष्टी मला, पोटच्या पोरीला, माहीत नव्हत्या. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटी काय सांगितलं, तर "त्या गोळीनं स्नायू जळतात, लिव्हर जातं, आधी ती बंद करा, कोलेस्टेरॉल मी मुळापासून काढतो."

चार महिने झाले. परवा मीच आग्रहानं रिपोर्ट करून घेतला. एकूण कोलेस्टेरॉल २४१, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल १५८. स्टेंट असलेल्या माणसाचं १५८! आमच्या देव्हाऱ्याखालच्या स्टीलच्या डब्यात ॲटोर्वास्टॅटिनची पट्टी अजून आहे, पंधरातल्या सहा गोळ्या तशाच. शेजारी चार काचेच्या बाटल्या, झाकणावर पेनानं १, २, ३, ४.

अण्णा पोत्यात हात घालून हळकुंड काढतात, मोडतात, आतला रंग बघतात, मगच भावाचं बोलतात. तोच माणूस मला म्हणतो, "रिपोर्टचं राहू दे, त्या डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं." यावर काय बोलावं ते मला सुचत नाही.

पवईनाका, सातारा

ताई, तुमची काळजी समजते. पण दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी स्वतः अनुभवली आहे. वय ४६, स्टेंट वगैरे काही नाही, बीपी-शुगर नाही. दोन वर्षांपूर्वी एलडीएल १६१ आलं आणि रिपोर्ट बघताक्षणी गोळी लिहून दिली, "आयुष्यभर घ्या" म्हणून. मी घेतली नाही. होमिओपॅथी केली सहा महिने. एलडीएल १२८. दोन्ही रिपोर्ट फाइलला आहेत. हे खोटं कसं म्हणायचं?

मेडिकल_मिरज

पवईनाका दादा, रिपोर्ट खोटा आहे असं कुणीच म्हणणार नाही. एकच विचारतो, त्या सहा महिन्यांत आणखी काय बदललं?

पवईनाका, सातारा

फरसाण बंद. रात्रीचं जेवण आठच्या आत. आणि रोज पहाटे अजिंक्यतारा, वर जाऊन खाली. सात किलो वजन उतरलं.

मेडिकल_मिरज

मग सात किलो उतरवणाऱ्या माणसाचं एलडीएल ३३ नं उतरलं यात नवल काय? श्रेय गडाला द्या की.

पवईनाका, सातारा

श्रेय गडालाच देतो. पण गडावर चढायला लावलं कुणी? गोळी लिहून देणाऱ्यांनी व्यायामाचा 'व्या' काढला नव्हता. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दर महिन्याला वजनकाट्यावर उभं केलं, काय खाल्लं ते लिहून आणायला लावलं, चुकलो तर रागावले. तुम्ही म्हणाल ते औषध नव्हे. असेल. पण त्यांच्याकडे गेलो नसतो तर मी आजही तसाच बसून असतो. तुमच्या हिशोबात हे कुठं मांडणार?

मेडिकल_मिरज

मांडतो. ते डॉक्टर चांगले आहेत, त्यांचा सल्ला चांगला आहे, आणि तो सल्ला साबुदाण्याच्या गोळीशिवायही तितकाच चालला असता. वय ४६, दुसरा धोका नाही, एलडीएल १६१, अशा माणसाला आधी तीन-सहा महिने खाणं-चालणं सुधारून बघू म्हणणारे कार्डिओलॉजिस्टही पुष्कळ आहेत. तुम्ही थांबलात ते चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त घरात कुणाला कमी वयात झटका आला होता का ते बघा, आणि लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण, त्याची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. त्याचं प्रमाण आनुवंशिक असतं, गड चढून उतरत नाही.

पण ताईंच्या वडिलांची गोष्ट निराळी आहे. ज्याची एक नळी एकदा बंद झाली त्याला तुमचा नियम लागू होत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा पेशंटचं एलडीएल ५५ च्या खाली ठेवा म्हटलंय. अण्णांचं १५८ आहे.

आता त्या चार बाटल्यांबद्दल. मी दुकानात दोन्ही विकतो, त्यामुळे धंद्यासाठी बोलतोय असं समजू नका. बाटलीवर ३० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, मूळ अर्काचा एक भाग शंभरात, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता संपत येते. पुढच्या अठरा पायऱ्या पाण्यात पाणी. त्यानं लिव्हर बिघडत नाही हे खरं, कारण त्यात लिव्हरपर्यंत पोचायला काही नसतंच. मदर टिंक्चर मात्र वेगळं. क्रॅटेगस, अर्जुन, लसूण यांच्या मदर टिंक्चरमध्ये खरोखर वनस्पतीचा अर्क असतो, अल्कोहोल असतं. ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असताना लसणाचा अर्क वगैरे सुरू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि एक मूळ मुद्दा. हानेमाननं १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन बघितली, त्यातून 'समानानं समान बरं होतं' हा विचार पुढे आला, १८१० मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. ही पद्धत पेशंटच्या लक्षणांवरून औषध निवडते. कोलेस्टेरॉलला लक्षण कुठलं? १५८ असलेला माणूस ७० असलेल्या माणसासारखाच दिसतो, तसाच जेवतो, तसाच झोपतो. पहिलं लक्षण पुष्कळदा छातीतली कळच असते. मग जुळवायचं कशाशी?

आजोबांचा_नातू, तासगाव

सगळा कंपन्यांचा खेळ आहे. दर काही वर्षांनी आकडा खाली आणतात, म्हणजे आणखी लाखभर लोक पेशंट होतात. आधी १३०, मग १००, मग ७०, आता ५५. माझे आजोबा रोज वाटीभर तूप खायचे, ९२ वर्षं जगले. कधी रक्त तपासलं नाही.

सीसीयू_सिस्टर, मिरज

दादा, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. पण ते बैलामागं चालत होते की गाडीवर बसून बँकेत जात होते? आणि त्याच गावात पन्नाशीला "रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत" असे किती गेले ते आजीला विचारा. त्यांचं रक्तही कुणी तपासलं नव्हतं.

आकडा खाली का आला तर दर वेळी आणखी खाली नेऊन बघितलं आणि झटके आणखी कमी झाले म्हणून. कंपन्या नफा कमावतात हे खरं आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण एलडीएल नळीत साचतं हे कंपन्यांनी शोधलेलं नाही. काही घराण्यांत जन्मतःच यकृताच्या पेशींना एलडीएल ओढून घेता येत नाही. अशा काही मुलांना शाळेच्या वयात हार्ट अटॅक येतात. ते का होतं हे ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी शोधलं, १९८५ चं नोबेल त्यासाठीच. आणि उलट, काहींना जन्मतःच एलडीएल कमी असतं, एका जनुकातल्या बदलामुळं. त्यांना झटके फार कमी येतात. त्यांनी तर कुठल्या कंपनीची गोळी खाल्लेली नसते.

मी अठरा वर्षं सीसीयूत, म्हणजे हृदयाच्या अतिदक्षता विभागात आहे. आपल्याकडच्या माणसाला झटका लवकर येतो. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्यांचं जवळजवळ ५९. ते वाचायच्या आधीच मला ते खाटांवर दिसत होतं. ऊसतोडीच्या सीझनला ट्रॅक्टर सोडून आलेला चाळिशीचा माणूस, खिशात तंबाखूची पुडी. बायको दारात उभी.

आजोबांचा_नातू, तासगाव

सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण स्टॅटिनचा फायदा किती, हे कुणी पेशंटला खरं सांगत नाही. १९९४ चा जो गाजलेला अभ्यास सगळे दाखवतात, स्कॅन्डिनेव्हियाचा, ४४४४ पेशंटचा, त्यात पाच वर्षांहून जास्त काळात गोळी न घेणाऱ्यांत २५६ गेले, घेणाऱ्यांत १८२. म्हणजे शंभरात बारा आणि शंभरात आठ. शंभर माणसांनी पाच वर्षं रोज गोळी खायची, आणि जगणार किती जास्त, तर तीन-चार. मग उरलेल्या ९६-९७ जणांनी अंगदुखी का सोसायची? 'तीस टक्के मृत्यू कमी' असं लिहिलं की मोठं वाटतं.

हळदबाजार, सांगली

दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, आणि ते असेच सांगायला हवेत हेही बरोबर. पण ते तीन-चारजण माझ्यासाठी लहान नाहीत. अडतीच्या हिशोबपट्टीत शंभराला चार रुपये कमी आले तर अण्णा रात्री अकरापर्यंत हिशोब तपासत बसतात. इथं शंभराला तीन-चार माणसं आहेत, आणि तीही फक्त जिवाची मोजलेली. झटका येऊन जगलेले, पुन्हा स्टेंट लागलेले, बायपास झालेले त्यात धरलेलेच नाहीत. अण्णा त्या तीन-चारांत नसतील असं मला कोण लिहून देणार?

जतचा_डॉक्टर

मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचाच डॉक्टर. साडेपाच वर्षं शिकलो, बावीस वर्षं जत तालुक्यात प्रॅक्टिस. धागा सकाळपासून वाचतोय. आधी स्पष्ट सांगतो, स्टेंट झालेल्या पेशंटची स्टॅटिन बंद करायला लावणं ही गंभीर चूक आहे. मी आजवर एकाचीही बंद केलेली नाही. माझ्या पॅथीचा म्हणून मी त्या डॉक्टरांची बाजू घेणार नाही.

पण मेडिकलवाल्या दादांनी ज्या सुरात लिहिलंय त्यानं वाईट वाटलं. 'पाण्यात पाणी' म्हणताना एवढं लक्षात घ्या की माझ्या भागात रात्री दोनला छातीत दुखलं तर दार ठोठावलं जातं ते माझं. मिरजेला पोचायला दीड-दोन तास. एमडी कुणी इथं येऊन राहत नाही. मी उठतो, ईसीजी काढतो, ॲस्पिरिन चावायला देतो, १०८ ला फोन करतो, नाहीतर कुणाची जीप काढतो. राज्य सरकारनं २०१४ मध्ये कायदा बदलून आमच्यासाठी एक वर्षाचा ॲलोपॅथीच्या औषधशास्त्राचा कोर्स आणला तो याच गरजेपोटी, आणि २०२५ मध्ये हा कोर्स केलेल्यांची मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी करण्याविरुद्ध ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवस संप केला. त्या दिवशीही माझा दवाखाना उघडा होता.

होमिओपॅथीनं एलडीएल किती उतरतं याचा खात्रीचा आकडा माझ्याकडे नाही. नाही तो नाही. पण पेशंटची झोप सुधारते, चिडचिड कमी होते, तंबाखू सोडायला बळ मिळतं, हे मी रोज बघतो. आम्ही रिपोर्टवर नाही, माणसावर इलाज करतो. होमिओपॅथीचा उपयोग होतो याला खात्रीचा पुरावा नाही म्हणणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या २०१५ च्या ज्या अहवालाचा दाखला देऊन आम्हाला मोडीत काढतात, त्यात लहान अभ्यास विश्वासार्ह म्हणून धरलेच नाहीत असा आमच्याकडच्यांचा आक्षेप आहे.

मेडिकल_मिरज

डॉक्टर, सुराबद्दल माफी मागतो. रात्री दोनला उठणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे, आणि जत-आटपाडीत तुमच्यासारखे नसते तर किती गेले असते हे मिरजेत बसून आम्हालाही कळतं.

पण बघा, रात्री दोनला तुम्ही देता ती ॲस्पिरिनच. त्या वेळी तुमचा हात अचूक गोळीकडे जातो. नळी बंद व्हायची ती प्रक्रिया त्या रात्री सुरू होत नाही, वीस वर्षं आधीपासून चालू असते. मग त्या वीस वर्षांसाठी वेगळा न्याय का? आणि तो ऑस्ट्रेलियाचा अहवाल सोडून द्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, २०१७ मध्ये आपल्या डॉक्टरांना होमिओपॅथी लिहून देणं थांबवा म्हणून सांगितलं. तिथं तर होमिओपॅथीची सरकारी रुग्णालयं होती, जुनी परंपरा होती.

जतचा_डॉक्टर

कारण दिवसा माझ्याकडे येणारा पेशंट "ती रोजची गोळी नको" म्हणूनच येतो. मी "घ्याच" म्हटलं तर तो उठून काढा विकणाऱ्याकडे जातो. माझ्या गोळ्यांच्या निमित्तानं तो महिन्याला समोर बसतो, बीपी तपासून घेतो, आणि हळूहळू स्टॅटिनही घ्यायला लागतो. तुम्हाला ही तडजोड वाटेल. मला ती माणूस धरून ठेवायची एकच दोरी वाटते.

वाईकर_मावशी

माझं वय ६८. डोकेदुखीवर वर्षानुवर्षं होमिओपॅथी घेतली, मला बरं वाटलं, कुणी काही म्हणो. पण बायपासनंतरच्या गोळ्यांना हात लावायचा नाही असं माझ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंनीच दटावून सांगितलंय. ताई, तुझ्या अण्णांना म्हणावं, दोन्ही घ्या, पण मोठी गोळी सोडू नका. आणि बाळ, त्यांच्याशी भांडू नकोस. भांडलं की माणूस हट्टाला पेटतो. आमचे हे असेच होते.

कराडकर

एक नोंद. हृदयरोग, बीपी, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, पॅथी कुठलीही असो. 'ब्लॉकेज ऑपरेशनशिवाय मोकळे' असले बोर्ड एसटी स्टँडच्या भिंतीवर दिसले तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

सीसीयू_सिस्टर, मिरज

ताई, वादात मूळ गोष्ट मागं पडली. अण्णांचे पाय दुखतात. ते खरंच दुखतात, हे आधी धरून चालू या.

स्टॅटिननं स्नायू दुखतात का, यावर २०२० मध्ये इंग्लंडात एक सुंदर अभ्यास झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. त्यांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या, काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने काहीच नाही. रोज त्रास किती ते नोंदवायचं. गोळी नसलेल्या महिन्यांपेक्षा गोळीच्या महिन्यांत त्रास जवळजवळ दुप्पट. पण खोट्या गोळीच्या महिन्यांतही तो जवळपास तेवढाच! खऱ्या गोळीनं वाढलेल्या त्रासापैकी ९० टक्के खोट्या गोळीनंही झाला. त्रास खरा होता, पण बहुतेकांच्या बाबतीत तो गोळी घेण्याच्या धास्तीतून येत होता. हे समजल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मात्र थोड्या लोकांना स्टॅटिनचा खरा त्रास होतो. त्यांच्यासाठी वाटा आहेत. डोस कमी करतात, गोळी बदलतात, रोजुवास्टॅटिन एक दिवसाआड देतात, जोडीला इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या प्रकारची गोळी देतात. हे करायचं डॉक्टरांनीच, आपण डब्यात पट्टी ठेवून देऊन नव्हे.

आणि मला जे सांगायचंय ते हे. तुम्ही लिहिलेला तो केसपेपर मी तीनदा वाचला. थंडी सहन होत नाही. आळस. दुपारी झोप. बद्धकोष्ठ. कोरडी कातडी. वाढलेलं वजन. जड पाय. ताई, अण्णांचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधी केलंय का? थायरॉइड कमी पडलं की हे सगळं होतं. एलडीएल वाढतं. आणि स्टॅटिन चालू असेल तर स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी सीपीके तपासणीही करून घ्या. उद्याच करा.

जतचा_डॉक्टर

सिस्टर बरोबर बोलताहेत. खरं सांगू, तो केसपेपर वाचून माझ्या मनात आधी कल्केरिया कार्ब आलं. थंडी, आळस, बद्धकोष्ठ, स्थूलपणा, हे सगळं आमच्याकडे त्या औषधाचं चित्र आहे, शिकताना पाठ केलेलं. त्यांनीही बहुधा तेच दिलं असणार. टीएसएच मला दुसऱ्यांदा वाचताना सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

हळदबाजार, सांगली

तीन आठवड्यांनी लिहितेय. टीएसएच २२ आलं. असायला हवं साडेचार-पाचच्या आत. सीपीकेही थोडं वाढलेलं.

रिपोर्ट घेऊन मिरजेला गेले, त्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे. या वेळी मी वाईच्या मावशींचं ऐकलं, भांडले नाही, फक्त आधी वेळ मागून घेतली आणि सगळं कागदावर लिहून नेलं. त्यांनी ते वाचलं. अण्णांच्या पायांना हात लावून बघितलं, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. थायरॉइडची गोळी एकदम मोठी देत नाहीत, हृदय आहे म्हणून २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात. स्टॅटिन कमी डोसनं, सोबत इझेटिमाइब. थायरॉइड आटोक्यात आलं की डोस वाढवायचा. दीड महिन्यानं पुन्हा रक्त.

अण्णा रात्रीची गोळी घेतात. मी समोर उभी राहते, त्यांना ते आवडत नाही, पण घेतात. होमिओपॅथीच्या बाटल्या अजून डब्यात आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही. थायरॉइडच्या गोळीआधी-नंतर अर्धा-पाऊण तास काही तोंडात टाकायचं नाही एवढंच बजावलंय.

आजोबांचा_नातू, तासगाव

ताई, अण्णांचं चांगलं होवो. पण माझा मुद्दा राहतोच. चार वर्षं हृदयाच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाचं थायरॉइड कुणी बघितलं नाही. एलडीएलचा आकडा बरोबर होता म्हणून माणूस बरोबर आहे असं धरलं गेलं. याला तुम्ही शास्त्र म्हणता?

सीसीयू_सिस्टर, मिरज

नाही म्हणत. ती चूकच आहे. पाय दुखतात म्हटल्यावर दोन तपासण्या लिहायला एक मिनिट लागतं, आणि तसं करा असं आमच्याच पुस्तकात लिहिलंय. दिवसाला ऐंशी पेशंट बघावे लागतात हे कारण आहे, पण पेशंटनं ते का ऐकून घ्यावं?

पवईनाका, सातारा

आणि ज्यांनी पन्नास मिनिटं ऐकलं त्यांच्याही हातून निसटलं. मी लिपोप्रोटीन-ए करून घेतलंय, रिपोर्ट सोमवारी येईल.

हळदबाजार, सांगली

परवा डबा आवरताना तो होमिओपॅथीचा केसपेपर मी बाजूला काढला होता, टाकून द्यायला. अण्णांनी हातातून घेतला. घडी उलगडून सरळ केली, हिशोबपट्टीवरून बोट फिरवतात तसं प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत वाचला. मग म्हणाले, "हा टाकू नको. झेरॉक्स काढ आणि पुढच्या वेळी हार्टच्या डॉक्टरांना दे. यात सगळं लिहिलंय. त्यांनी विचारलं नव्हतं."